सकाळी तयार झालेला माणूस

२०१७ च्या जूनमधली सकाळ. पावणेसहा वाजले असतील. मी शाळेच्या तयारीत होते आणि धाकटा भाऊ दारात येऊन ओट्यावर बसला. आत ये म्हटलं तरी उठला नाही. मी चहा आणून दिला. कपबशी हातात धरवेना. अर्धा चहा बशीत, उरलेला लेंग्यावर. कप खाली ठेवून तो म्हणाला, "आक्का, मला कुठंतरी ने. आज ने. उद्या मी हे बोलणार न्हाई."

घरात त्याला बापू म्हणतात. त्याआधी सात-आठ वर्षं आम्ही सगळे त्याला 'सोड, सोड' म्हणत आलो होतो. आईनं पाय धरले, बायकोनं माहेर गाठलं, भावकीनं बैठक बसवली. स्वतःच्या तोंडानं 'ने' हे तो त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला. आणि त्या दिवशी त्याला न्यायला मला जागा सापडली नाही.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या अंगाला. लासुर्णे, बेलवाडी, सणसर, भवानीनगर अशी गावं ओळीनं लागतात आणि पुढं काटेवाडीवरून बारामती. कालव्यामुळं ऊस आला, उसामुळं कारखाने. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, असे इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांत मिळून पाच सहकारी कारखाने उभे राहिले. रसातून साखर काढली की मागं उरते ती मळी. मळीपासून स्पिरिट होतं, स्पिरिटापासून देशी दारू. अलीकडं त्यातलं बरंचसं पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलकडं जातं हे खरं, पण देशीचं मूळ मळीतच आहे. आमचा दीड एकर ऊसही त्याच काट्यावरून गेलेला आहे. त्यामुळं दारू ही बाहेरून आलेली, दुसऱ्या कुणाची वस्तू आहे असं मला कधी म्हणता आलं नाही.

बापू आयटीआय करून एका कारखान्यात मिल हाऊसला फिटर म्हणून लागला. आधी हंगामी, मग कायम. हंगाम सुरू झाला की तीन पाळ्या. रात्रपाळी बारा ते आठ. गव्हाणीचा खडखडाट, वाफ, चिपाडाची धूळ, आणि सकाळी बाहेर आलं की हाडात शिरणारी थंडी. पाळी सुटल्यावर चौघं मिळून थोडी घ्यायचे. 'अंग मोकळं होतं' म्हणायचे. मला सुरुवातीला वाटायचं, कामाचे दिवस संपले की हे थांबेल. झालं उलटंच. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की हंगामी फिटरच्या हाती निम्म्या पगाराचा रिटेन्शन भत्ता आणि दिवसभर रिकामा वेळ. बापूची नव्वद मिलीची बाटली क्वार्टरवर गेली ती हंगामी असतानाच्या अशा उन्हाळ्यांत. क्वार्टर दुपारी आली, मग सकाळी. सकाळची आली तेव्हा ती मजा राहिलेली नव्हती. हात थरथरू नयेत म्हणून तो घेत होता, पण हे समजायला आम्हाला आणखी तीन वर्षं लागली.

उपाय आम्ही केले. कुठलाच सोडला नाही.

पहिला आईनं केला. 'दारू सोडवा, रुग्णाच्या नकळत' अशी जाहिरात अजूनही पेपरात येते. तिनं टपालानं पुड्या मागवल्या आणि बापूच्या भाजीत कालवल्या. त्या रात्री तो पिऊन आला, जेवला, आणि थोड्या वेळात तोंड लालभडक, छातीत धडधड, उलट्या. पहाटेपर्यंत आम्ही त्याच्या उशाशी बसून होतो. त्या पुडीत काय होतं ते कधीच कळलं नाही. पुढं एका मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं की डायसल्फिराम नावाचं औषध दारूबरोबर पोटात गेलं की असंच होतं. ते माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं, तपासण्या करून द्यायचं असतं. चोरून दिलं तर जीवही जाऊ शकतो. आई हे ऐकून दोन दिवस जेवली नाही.

दुसरा उपाय माळेचा. तुकोबांची पालखी दरवर्षी आमच्याच रस्त्यानं जाते. काटेवाडीला मेंढ्या पालखीभोवती धावतात, बेलवाडीला गोल रिंगण होतं. २०१२ साली बेलवाडीच्या रिंगणानंतर गावातल्या एका महाराजांनी बापूच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. तो चार महिने दारूला शिवला नाही. कार्तिकात कारखान्याची मोळी पडली, रात्रपाळी सुरू झाली, आणि एका सकाळी माळ देव्हाऱ्यात काढून ठेवलेली दिसली. गळ्यात माळ असताना तो कधीच प्यायला नाही. आधी काढून ठेवली, हात जोडले, मग गेला. माळेला नावं ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही. आमच्या आळीतले दोघं माळेवर सुटले, ते आजही सुटलेले आहेत. त्यांच्याकडं बघून एक गोष्ट मला दिसली. दोघंही रोज संध्याकाळी भजनाला बसतात. एक दिवस आला नाही तर टाळकरी घरी विचारायला येतात. बापू पाळीत होता, त्याला विचारायला कुणी आलं नाही. पुढं पुण्यात 'फॉलो-अप' हा शब्द ऐकला तेव्हा मला ते टाळकरीच आठवले.

तिसरा उपाय सांगायला जड जातं. २०१४ साली एका खासगी व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर मिळाला. फोन केला की रात्री त्यांची जीप येणार, चार पोरं माणसाला उचलणार, तीन महिन्यांनी परत आणून सोडणार. महिन्याला नऊ हजार. मी सोसायटीचं कर्ज काढलं. फॉर्मवर सही माझी आहे. झोपेतून उठवून त्याला जीपमध्ये घातलं तेव्हा तो 'आक्का, आक्का' करत होता आणि मी घरात कडी लावून बसले होते. तीन महिने भेटू दिलं नाही. परत आला तेव्हा अंगानं भरलेला होता, पण नजर वर करत नव्हता. पाठीवर वळ होते. तिथं डॉक्टर कधी आले का विचारलं तर नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो प्यायला. आजही रात्री उशिरा दारावरून जीप गेली की तो अंथरुणात उठून बसतो.

एवढं सगळं झाल्यावर जूनमधली ती सकाळ आली होती.

मी शाळेत रजा कळवली. आमच्या ह्यांनी मोटारसायकल काढली, बापूला मध्ये बसवलं. सात वाजता जवळच्या एका रुग्णालयात पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी बघितलं, सलाईन लावलं, आणि म्हणाले, दारूसाठी इथं दाखल करत नाही, पुण्याला न्या. पुण्यात कुठं, कुणाला भेटायचं, आज जागा आहे का, हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांना मी दोष देत नाही. बाहेर ओपीडीची रांग दारापर्यंत लागलेली होती. तिथून दुसरीकडं गेलो, तर आधी पंचवीस हजार भरा म्हणाले. मग मी फोन लावत सुटले. शाळेतल्या बाईंचा मेहुणा, पंचायत समितीतले ओळखीचे एकजण, मेडिकलवाला. दोन्ही तालुक्यांत सरकारी अशी एक खाट, जिथं पिणाऱ्या माणसाला झोपवून घेतात, ती मला कुणी दाखवू शकलं नाही. या धावपळीत साडेअकरा वाजले. बापूला घाम फुटला होता, त्याचे दात वाजत होते. एक वाजता बसस्थानकावर मी पाण्याची बाटली आणायला गेले आणि परत येऊन बघते तर बाकडं रिकामं.

दारूचं दुकान स्थानकापासून चालत चार मिनिटांवर होतं.

तो संध्याकाळी घरी आला तेव्हा माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "मी थांबलो व्हतो, आक्का." आणि तो खरंच थांबला होता. पावणेसहापासून एकपर्यंत, सात तास, अंगातल्या प्रत्येक शिरेनं दारू मागत असताना. एवढं मी स्वतः कशासाठी कधी थांबले असेन असं वाटत नाही.

पुढची चूक आमची. ठरवलं की आता घरातच सोडवायची. खोलीला कुलूप, बाहेर मी, आई आणि भावजय पाळीपाळीनं. गावोगाव हेच करतात, म्हणून नीट सांगते. दुसऱ्या रात्री त्याला फिट आली. तिसऱ्या दिवशी तो वेगळंच बोलायला लागला. भिंतीवरून मुंग्या चालल्यात म्हणाला. मग उठून उभा राहिला, "आप्पा हाक मारत्यात, पाटाला पाणी आलंय, दारं धरायची हायेत," असं म्हणत हातात नसलेलं खोरं धरून कोपऱ्यातली माती ओढायला लागला. आप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. वाकणं, ओढणं, घाम पुसणं, सगळं आप्पांसारखंच. आई दारात बसून रडत होती.

१०८ ची गाडी आली, आणि तिथून पुढं पुण्याच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी मला बाकावर बसवून समजावलं. दारू मेंदूला रोज दाबून धरते आणि मेंदू त्या दाबाविरुद्ध रोज जोर लावत राहतो. दाब एकदम काढला की तो जोर मोकाट सुटतो. मग फिट येते, भास होतात, ताप चढतो, आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस दगावतो. फिटचा धोका पहिल्या दोन दिवसांत, भासांचा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. वर्षानुवर्षं सकाळपासून पिणाऱ्या माणसाची दारू घरात कोंडून तोडायची नसते. दवाखान्यात झोपेच्या गटातल्या गोळ्या देऊन त्या रोज थोड्या थोड्या कमी करत नेतात, आणि थायमिनची, म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. थायमिनच्या आधी नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आमच्याकडं 'अशक्तपणा आलाय' म्हणून पिणाऱ्याला पहिलं काय लावतात तर सलाईन. त्या सकाळी बापूलाही तेच लावलं होतं.

यात कुठलंही महागडं यंत्र नाही. गोळ्या स्वस्त, इंजेक्शन स्वस्त. लागते एक खाट, रात्री नाडी बघणारी एक परिचारिका, आणि सात-आठ दिवस. हे समजलं तेव्हा मला फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

नवव्या दिवशी त्याला घरी सोडलं. कागदावर लिहिलं होतं, 'व्यसनमुक्ती केंद्रात पाठवावे'. पाठवायची तजवीज होईपर्यंत तीन आठवडे गेले आणि तेवढ्यात तो पुन्हा प्यायला लागला. शेवटी ऑगस्टमध्ये त्याला येरवड्याला मुक्तांगणमध्ये नेलं.

मुक्तांगणबद्दल मराठी वाचकाला मी काय सांगणार. तरी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिचा माझ्या म्हणण्याशी संबंध आहे. ते उभं राहिलं ते सरकारी आवारात. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये दिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला मनोरुग्णालयाच्याच आवारात केंद्र सुरू झालं. सरकारी जागा, सरकारी नोकरीतली एक जिद्दी बाई आणि एका लेखक दांपत्याचे पैसे, एवढ्यावर सुरुवात झाली.

तिथं पस्तीस दिवसांचे उपचार होते. बापूला तिथं काय मिळालं ते मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तिथं मला कुणी दारुडा म्हटलं न्हाई आणि बिच्चारा पण म्हटलं न्हाई." त्याचा समुपदेशक स्वतः कधीकाळी पिणारा होता. बापू खोटं बोलायला लागला की तो हसायचा, कारण तेच खोटं तो स्वतः बोलून चुकला होता. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट असतो. भावजय त्यात दोनदा बसली. पहिल्यांदा नुसती रडली. दुसऱ्यांदा बोलली. घरी येताना एसटीत मला म्हणाली, "आक्का, मला वाटायचं माझ्या हातच्या जेवणात काय तरी कमी हाय, म्हणून ह्यांना बाहेरचं लागतं." लग्नाला तेव्हा तेरा वर्षं झाली होती.

पण ती दोनदाच बसू शकली. आमच्या फाट्यावरून बारामती, बारामतीहून पुणे, स्वारगेटहून येरवडा. पहाटे चारला निघायचं, रात्री दहाला परत. एका फेरीत दोन दिवसांची खुरपणीची मजुरी बुडायची, वर तिकीट. घरी दोन मुलं, म्हातारी, एक गाय. बापू परत आल्यावरही तेच. बरा झालेला माणूस पहिलं वर्षभर कुणाच्या तरी नजरेखाली हवा, दर आठवड्याला कुठंतरी जाऊन बसायला हवा. पुण्याला जाऊन-येऊन पाळी बुडते, खाडा पडतो. त्यानं सहा वेळा केलं. सातव्या वेळेला हंगाम ऐन भरात होता. डिसेंबरात तो पुन्हा प्यायला.

त्याला पुन्हा न्यायला लागलं. २०१८ च्या दिवाळीपासून त्याची दारू बंद आहे. आता बारामतीत ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, बैठकीला जातो. ही चळवळ अमेरिकेत १९३५ साली एका शेअर दलालानं आणि एका डॉक्टरानं सुरू केली, दोघंही पिणारे. आमच्या बापूला त्यांची नावं सांगता येत नाहीत, पण 'फक्त आजचा दिवस' हे त्यांचं सूत्र तो भिंतीवर खडूनं लिहून ठेवतो. माळही परत गळ्यात आहे. त्याला दोन्हींत विरोध दिसत नाही, मलाही दिसत नाही.

तो सुटला यात आमचं कौतुक नाही. माझा पगार होता, सोसायटीत पत होती, ह्यांनी कधी अडवलं नाही, कारखान्यातल्या साहेबांनी रजा दिली. यातली एक जरी गोष्ट नसती तर बापू आज नसता. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यात आहे की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर १८० जणांतल्या एकालाच दाखल होऊन उपचार मिळतात. मी आकडा वाचला आणि वर्गातल्या मुलांची घरं मोजायला लागले. किती घरांत कोण पितं हे प्राथमिक शिक्षिकेला हजेरीवरून कळतं.

एका प्रशिक्षणात भेटलेल्या वकीलबाईंनी मला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ वाचायला दिला. मी तो उन्हाळ्याच्या सुट्टीत शब्दकोश शेजारी ठेवून वाचला. दारू आणि अमली पदार्थांमुळं होणारे मानसिक विकार या कायद्यात मानसिक आजारातच धरलेले आहेत. म्हणजे बापू कायद्याच्या नजरेत आजारी होता, लफंगा नव्हता. कलम १८ प्रमाणं सरकारनं चालवलेल्या किंवा सरकारी पैशानं चालणाऱ्या सेवेचा त्याला हक्क आहे. त्याच कलमात आहे की अशा माणसाला उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा तो राहतो त्याच्या जवळ असावी. दारिद्र्यरेषेखालच्याला मोफत, मग हातात कार्ड असो वा नसो. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसतील तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारनं उचलायचा. आणि साखळीनं बांधायला बंदी, केंद्राला नोंदणीची सक्ती. ही पानं मी दोनदा वाचली. 'लांबचा प्रवास' या शब्दांपाशी थांबून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

आमच्या ग्रामसभेत मी ठराव मांडला: दोन्ही तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांत दारू सोडवण्यासाठी दहा-दहा खाटा राखून ठेवाव्यात, आणि पुढच्या महिनाभराच्या मुक्कामासाठी दोन तालुक्यांत मिळून एक सरकारी केंद्र असावं. एकजण म्हणाले, बाई, त्यापेक्षा दुकान बंद करायचं बघा. महिलांच्या मतदानानं दुकान बंद करायची तरतूद आहे. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी 'आडवी बाटली'वर शिक्का मारावा लागतो. तेही व्हावं, मी पहिली जाईन मत द्यायला. पण ज्याचे हात सकाळी थरथरतात तो दुकान बंद झाल्यावर शेजारच्या गावी जातो, नाहीतर हातभट्टीचा फुगा आणतो. त्याला दुकान बंद होण्याआधी खाट लागते. राज्याच्या तिजोरीत दारूवरच्या कराचे दरवर्षी हजारो कोटी रुपये जमा होतात. केरळात जे खातं दारूचा महसूल गोळा करतं, त्याच अबकारी खात्याच्या 'विमुक्ती' मोहिमेतून जिल्ह्याजिल्ह्यात सरकारी व्यसनमुक्ती केंद्रं उघडली. आपल्याकडं ते का होऊ नये, हे मी सभेत विचारलं. ठराव एकमतानं झाला. तो टपालानं पाठवला, त्याची पोच माझ्याकडं आहे.

फॉलो-अपचं मला एक सुचतं. तो आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावा. त्या दिवशी माणूस तालुक्याला येतोच, बायकोही येते, आणि कुठं चाललात म्हणून कुणी विचारत नाही.

२०१९ साली बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तेव्हापासून एवढा फरक पडला की सकाळी तयार झालेल्या माणसाला घेऊन कुठं निघायचं, तेवढं तरी मला माहीत असतं. आजवर मी नऊ जणांना घेऊन दारात उभी राहिले आहे. केसपेपर निघतो, मानसोपचाराचे डॉक्टर बघतात, गोळ्या मिळतात, गरज पडली तर चार-पाच दिवस झोपवूनही घेतात. पुढच्या महिन्याभराचा प्रश्न तसाच राहतो.

यंदा फेब्रुवारीत पहाटे दारावर थाप पडली. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई होती. बीडकडची ऊसतोडीची टोळी, शाळेमागच्या रानात त्यांच्या कोप्या. म्हणाली, "बाई, हे हो म्हणत्यात. आत्ता हो म्हणत्यात." मी बापूला फोन केला. तो रात्री बाराला सुटलेल्या पाळीहून येऊन पडला होता, तसाच उठून आला. सात वाजता आम्ही बारामतीच्या रस्त्याला होतो. काटेवाडीच्या पुढं त्या माणसानं गाडी थांबवायला सांगितली. बापू त्याच्या शेजारी बसला होता. त्यानं गाडी थांबवू दिली नाही, त्याचा हात हातात घेतला आणि आपली ती मुंग्यांची हकीकत सांगत राहिला.

त्याला चार दिवस ठेवून घेतलं. फिट आली नाही. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता पुण्याला महिनाभर ठेवा. ती बाई माझ्याकडं बघत राहिली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. एकजण गेला की कोयता मोडतो आणि मुकादमाची उचल अंगावर राहते. "बाई, म्हैनाभर कसं जमंल," ती म्हणाली. मला उत्तर देता आलं नाही.

ती त्याला परत रानात घेऊन आली. गोळ्यांची पाकिटं तिनं पदराच्या गाठीत बांधली. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वहीच्या पानावर सूर्य आणि चंद्र काढून कुठली गोळी कधी ते दाखवून दिलं. बापूनं पाळी बदलून घेतली आहे. रोज संध्याकाळी सातला तो त्यांच्या कोपीवर जाऊन बसतो, तासभर. दोघं फारसं बोलत नाहीत म्हणे. पट्टा पडायला अजून एकोणीस दिवस आहेत.